दोन घोडे आणि एक चादर

दोस्तांनो, आधी एक काम करा. घरातली सोलापुरी चादर घेऊन या. असेलच! सोलापूरकराच्या घरात चादर नाही म्हणजे डब्यात शेंगाचटणी नाही असं झालं!

आणली? आता ती खिडकीपाशी न्या. उजेडात धरा. नाक टेकेल इतक्या जवळून बघा. भिंग मिळालं तर फारच छान!

काय दिसलं? धागे! काही उभे, काही आडवे. उभे धागे म्हणजे ताणा. आडवे म्हणजे बाणा. आता एकच आडवा धागा पकडा आणि नजरेने त्याच्या मागे मागे जा. तो उभ्या धाग्याच्या वरून जातो, मग खालून जातो. पुन्हा वरून, पुन्हा खालून. नक्षी आली की एकदम दोन-चार धागे ओलांडतो. अरेच्चा! हा तर आपला खो-खो झाला! साखळी खेळणारा गडी बसलेल्या खेळाडूंच्या मधून अस्साच नागमोडी पळतो ना?

आता एक कोडं. असंच ताण्या-बाण्याचं कापड, पण ते कोणी पांघरत नाही. ते लालभडक असतं. त्याला चार चाकं असतात. आणि ते एका सेकंदात ९० मीटर पळतं!

ओळखा पाहू!

हरलात? सांगते. ती आहे एक मोटार. तिचं नाव फेरारी एफ-४०!

मोटार, आणि कापडाची? पत्र्याची नाही? हो हो, मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. थांबा, त्या कापडाकडे येतेच. पण एफ-४०ची गोष्ट एकटीची सांगून चालत नाही. तिची एक प्रतिस्पर्धी आहे. लंगडीत एकच संघ असून कसं चालेल?

त्या दुसऱ्या गाडीचं नाव आहे नुसता एक आकडा. ९५९! पोर्शे ९५९.

फेरारी इटलीतली. मारानेल्लो नावाच्या गावातली. पोर्शे जर्मनीतली. स्टुटगार्ट नावाच्या शहरातली. दोन्ही देशांना आपापल्या गाड्यांचा भारी अभिमान! दोन आळ्यांतल्या क्रिकेट संघांची चुरस असते ना, तशीच यांची. आणि १९८७च्या सुमाराला या दोघींनी एकाच प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरं दिली. प्रश्न होता, रस्त्यावर पळणारी जगातली सगळ्यात भन्नाट गाडी कशी करायची?

पण त्याआधी एक गंमत बघा. फेरारीच्या चिन्हात पिवळ्या रंगावर एक काळा घोडा आहे, मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला. आणि पोर्शेच्या चिन्हात? तिथेही मधोमध सोनेरी रंगावर एक काळा घोडा! तोही मागच्या पायांवर!

कोणी कोणाची नक्कल केली? कोणीच नाही! फेरारीचा घोडा मूळचा फ्रान्चेस्को बाराका नावाच्या इटालियन वैमानिकाचा. तो आपल्या विमानावर हा घोडा रंगवायचा. पुढे त्याच्या आईने एन्झो फेरारींना सांगितलं, हा घोडा तुझ्या गाडीवर लाव, तुला शुभ ठरेल. पोर्शेचा घोडा आहे स्टुटगार्ट शहराचा. त्या शहराच्या नावाचा अर्थच मुळी 'घोड्यांची बाग'! फार पूर्वी तिथे घोड्या पाळायचे, त्यावरून ते नाव पडलं.

चिन्हात प्रत्येकी एकच घोडा. मग गाडीच्या आत किती घोडे असतील?

गाडीचा जोर मोजतात अश्वशक्तीत. एक अश्वशक्ती म्हणजे साधारण एका दमदार घोड्याचा जोर. पण घोडा घरी कुठून आणायचा? आपण ज्वारी घेऊ. २५ किलोची तीन पोती दोरीने एकत्र बांधा. झाले ७५ किलो. आता ती एका सेकंदात जमिनीपासून एक मीटर वर उचला. म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्याच्याही थोडी वर. जमलं? तर तुम्ही एक अश्वशक्ती वापरलीत! (नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका.)

पोर्शे ९५९ची ताकद ४५० अश्वशक्ती. फेरारी एफ-४०ची ४७८.

४७८ गुणिले तीन पोती करून बघा. १,४३४ पोती! एवढी ज्वारी एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याचा जोर, एका गाडीत! सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तो डोळ्यांपुढे आणा. तिथे ४७८ घोडे एकाशेजारी एक उभे केले तर रांग कुठवर जाईल? आणि ते सगळे एका माणसाच्या उजव्या पायाखाली!

आता या गाड्या जन्माला कशा आल्या ते ऐका. शाळेत असं कधी झालंय का? स्नेहसंमेलनाचा नाच महिनाभर बसवला, कपडे शिवले आणि ऐनवेळी कार्यक्रमच रद्द! या दोघींचं डिट्टो तसंच झालं.

तेव्हा 'ग्रुप बी' नावाच्या मोटार शर्यती होत्या. त्यात उतरायचं तर एक अट होती. शर्यतीतल्या गाडीसारख्या निदान २०० गाड्या आधी तयार करून दाखवा! पोर्शेने त्यासाठी ९५९ करायला घेतली. फेरारीनेही २८८ जीटीओ नावाची एक गाडी केली आणि तिची आणखी तिखट बहीण बनवायला घेतली. पण त्या शर्यती फार धोकादायक झाल्या होत्या. १९८६मध्ये भयंकर अपघात झाले, माणसं दगावली. शर्यती बंद केल्या. चांगलंच केलं.

मग अर्धवट तयारीचं काय करायचं? फेकून द्यायची? छे! दोन्ही कारखान्यांनी ठरवलं, शर्यत नाही तर नाही, रस्त्यावरचीच गाडी करू. त्या तिखट बहिणीपासून जन्मली एफ-४०. म्हणजे ज्या दोन गाड्यांची जगभर तुलना होते, त्या दोघीही रद्द झालेल्या शर्यतीच्या लेकी!

चला, आता एफ-४०चं दार उघडू. २१ जुलै १९८७ला ती पहिल्यांदा जगासमोर आली. फेरारी नावाची पहिली गाडी निघाली त्याला तेव्हा ४० वर्षं झाली होती. म्हणून नाव एफ-४०. कारखान्याचे संस्थापक एन्झो फेरारी तेव्हा ८९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांच्या हयातीत, त्यांच्या पसंतीने निघालेली ही शेवटची नवी फेरारी.

एवढी मानाची गाडी म्हणजे आत काय थाट असेल, नाही? मऊ गालिचा? नाही! रेडिओ? नाही! सामान ठेवायचा खण? तोही नाही! माझ्या भाचीला मी हे सांगत होते. ती चौथीत आहे. तिने विचारलं, "मावशी, निदान आतून दार उघडायला कडी तरी आहे ना?"

ओळखा, काय आहे तिथे! एक दोरी! आतून दार उघडायचं तर दारातली बारीक तार ओढायची. बस्स.

पैसे संपले होते का? मुळीच नाही. सगळं केलं वजन कमी करायला! शंभर मीटरच्या शर्यतीत तुम्ही पाठीवर दप्तर घेऊन पळता का? दप्तर ठेवता, बूटही जड असतील तर काढता. फेरारीने तेच केलं. जे जे नसलं तरी गाडी पळेल, ते ते काढून टाकलं. पेट्रोल-पाणी न भरता एफ-४०चं वजन भरलं सुमारे १,१०० किलो. पोर्शे ९५९ होती १,४५० किलोची. पेट्रोल-पाणी घातल्यावर एफ-४०चं वजन वाढतं, पण तरीही ती पोर्शेपेक्षा हलकीच राहते.

एक वस्तू मात्र त्यांनी काढली नाही. एसी! खरंच! रेडिओ नाही, कडी नाही, पण एसी आहे. कारण त्या गाडीचं इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीमागेच असतं आणि ते भट्टीसारखं तापतं. आपल्याला मे महिन्यातलं सोलापूर ठाऊक आहे, त्यामुळे हा निर्णय आपल्याला लगेच पटतो!

आणि आता ते कापड. मी इथे जरा रेंगाळणार आहे, कारण मला सगळ्यात आवडलेला भाग हाच!

एफ-४०चा सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे. त्या नळ्यांना कापडाच्या कडक फळ्या चिकटवल्या आहेत. बाहेरचं अंगही कापडाचंच. पण मऊ कापड कडक कसं झालं? आजोबांची पांढरी टोपी आठवा. धुतली की लुळी पडते. खळ घालून इस्त्री केली की कशी ताठ उभी राहते! गाडीचंही तसंच. विणलेलं कापड साच्यावर पसरतात. त्यात चिकट राळ मुरवतात. मग दाब देऊन भट्टीत भाजतात. राळ दगडासारखी घट्ट होते, आतले धागे तिला धरून ठेवतात. नुसती राळ ठिसूळ असते, नुसतं कापड लुळं. दोघं एकत्र आले की पोलादाला भारी पडतात आणि वजनाला मात्र हलके!

हे धागे सुताचे नाहीत बरं का. काही कार्बनचे, काळेकुट्ट. आणि काही केवलारचे, हळदीसारखे पिवळसर. बंदुकीची गोळी अडवणारी जाकिटं असतात ना? त्यातली कित्येक या केवलारचीच.

केवलारची गोष्ट तर अशी गोड आहे! १९६५ साली अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाई प्रयोग करत होत्या. त्यांना टायरसाठी हलका पण मजबूत धागा हवा होता. एके दिवशी त्यांच्या भांड्यात एक विचित्र द्रव तयार झाला. पातळ, पांढुरका, अगदी ताकासारखा! असले द्रव एरवी घट्ट आणि स्वच्छ असायचे. दुसरं कोणी असतं तर 'बिघडलं' म्हणून मोरीत ओतून दिलं असतं.

धागा काढायचं यंत्र असतं आपल्या शेवेच्या सोऱ्यासारखं. वरून द्रव दाबायचा, खालच्या बारीक भोकांतून धागे बाहेर. ते यंत्र चालवणाऱ्या सहकाऱ्याने सरळ नकार दिला. म्हणाला, हे असलं घातलं तर माझी भोकं तुंबतील! पण बाईंनी हट्ट सोडला नाही. शेवटी तो तयार झाला. आणि त्या ताकातून असा धागा निघाला की तेवढ्याच वजनाच्या पोलादापेक्षा पाचपट मजबूत!

आता माझ्याजवळ या, एक गुपित सांगते. रंगालाही वजन असतं. म्हणून फेरारीने एफ-४०ला लाल रंगसुद्धा अगदी पातळ दिला. इतका पातळ की जवळून बघितलं तर रंगाखालची वीण दिसते! तोच ताणा, तोच बाणा. तुमच्या हातातल्या चादरीत आहे तो! करोडो रुपयांची गाडी, आणि तिच्या अंगावर वर-खाली, वर-खाली धावणारा तो साखळीचा खो-खो!

पोर्शेच्या अंगातही केवलार आहे हं. दारं आणि पुढचं झाकण तेवढं ॲल्युमिनियमचं. पण पोर्शेने वीण रंगाखाली पुरती झाकली आणि आपली हुशारी दुसरीकडे लावली.

कुठे? पावसाळ्यात कधी शेतात गेलाय? आपल्या भागातली काळी माती! दोन पावलं टाकली की चपलेला चार-चार किलो चिखल. त्या चिखलात बैलगाडी रुतली की काय करतात? एकच माणूस ढकलत नाही. चारही बाजूंनी चौघं जण जोर लावतात. एफ-४०मध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो. ९५९मध्ये चारही चाकांना!

त्यात पुन्हा एक संगणक बसवलेला. कुठलं चाक घसरतंय, पुढच्यांना किती जोर द्यायचा, मागच्यांना किती, हे तो सतत ठरवत राहतो. आई जेवायला वाढताना बघते ना, कोणाला किती भूक आहे? तसंच. रस्ता कोरडा आहे, ओला आहे, बर्फाचा आहे की खडबडीत, हे चालवणाऱ्याने नुसतं सांगायचं. एक दांडी सरकवली की झालं. आज हे खूप गाड्यांत असतं. पण तेव्हा? १९८७मध्ये? तेव्हा आपल्याकडे संगणक बघायलासुद्धा माणसं रांग लावायची!

संगणक म्हटल्यावर मला पुन्हा माग आठवला. हसू नका! सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर विणतात. त्या मागावर जाड पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या असतात. इथे भोक आहे? मग हा धागा उचल. भोक नाही? मग राहू दे. भोक म्हणजे 'हो', भोक नाही म्हणजे 'नको'. संगणकही आत हेच करतो. 'हो' आणि 'नको', 'हो' आणि 'नको', फक्त प्रचंड वेगाने! जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने हा माग दोनशे वर्षांपूर्वी केला, आणि पुढे संगणक घडवणाऱ्यांनी भोकांच्या पट्ट्यांची कल्पना त्याच्याचकडून उचलली. म्हणजे एफ-४०चं अंग मागाच्या नात्यातलं आणि ९५९चं डोकंही मागाच्याच नात्यातलं!

९५९ची चाकं तर विचारूच नका. चाकाच्या आऱ्या आतून पोकळ! टायरमधली हवा त्या आऱ्यांमध्येही फिरते. हवा कमी झाली तर गाडी स्वतःच सांगते, "अहो, माझं पंक्चर झालंय!"

ही हुशार गाडी खरंच दणकट होती का? वाळवंटात पाठवली! १९८६ची पॅरिस-डाकार शर्यत. फ्रान्समधून निघायचं, सहारा वाळवंट ओलांडायचं आणि पार आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचायचं. पोर्शेने तीन ९५९ नेल्या. त्यातल्या दोन जिंकायला. पहिली आली ९५९. दुसरी आली ९५९. आणि तिसरी? ती होती त्या दोघींच्या दुरुस्तीचं सामान घेऊन मागून येणारी गाडी. चालवत होते कंपनीचे एक इंजिनियर. ती आली सहावी! मॅचमध्ये पाण्याच्या बाटल्या नेणाऱ्या मुलाने बॅट घेतली आणि पन्नास धावा काढल्या, असंच की हे!

बरं, दोन्ही गाड्यांची इंजिनं काही फार मोठी नाहीत. दोन्ही तीन लिटरच्या आतली. दुधाच्या सहा छोट्या पिशव्या मावतील एवढीच आतली जागा! मग त्यातून शेकडो घोड्यांचा जोर येतो कुठून?

फुंकणीतून! गावाला आजी चुलीत फुंकणीने फुंकते तेव्हा काय होतं? मलूल झालेला जाळ भस्सकन पेटतो. जाळाला हवा मिळाली की तो जोमात येतो. इंजिनातही पेट्रोल जळतं, त्यालाही हवा लागते. 'टर्बो' म्हणजे इंजिनाची फुंकणी! ती कोण फुंकतं? इंजिनातून बाहेर पडणारा धूर! तो वाया जाण्याआधी एक छोटं भिरभिरं फिरवतो. ते भिरभिरं दुसऱ्या भिरभिऱ्याला फिरवतं आणि ते दुसरं बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाखभर फेरे!

दोन्ही गाड्यांना दोन-दोन टर्बो. पण स्वभाव बघा कसे वेगळे! एफ-४०मध्ये दोन्ही टर्बो एकदम जागे होतात. आधी एक क्षण काहीच होत नाही आणि मग धाडकन धक्का बसतो. झोपलेल्या दोन भावंडांना आईने एकदम पांघरूण ओढून उठवावं तसं! ९५९मध्ये आधी एकच टर्बो काम करतो. सगळा धूर त्याच्या वाट्याला, म्हणून तो चटकन वेग घेतो. वेग वाढला की दुसरा येऊन खांदा लावतो. धक्का नाही, सगळं कसं सुरळीत.

आता वेगाचा निकाल. ९५९ ताशी ३१७ किलोमीटर. एफ-४० ताशी ३२४. तो आकडा साडेतीनने नव्हे, ३.६ने भागा बरं. बरोबर ९० येतात! सेकंदाला ९० मीटर. क्रिकेटच्या जवळजवळ साडेचार खेळपट्ट्या, तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत! सोलापूर ते पुणे साधारण २५० किलोमीटर. या वेगाने ते पाऊण तासात संपेल, म्हणजे गणिताचा एक लांबलेला तास! अर्थात हा वेग खास धावपट्टीवरचा, कसलेल्या चालकाचा. आपल्या रस्त्यावर गायी, सायकली आणि शाळेत जाणारे तुम्ही असता. तिथे असला वेग कोणीही काढायचा नसतो.

आणि जागेवरून सुटताना? तिथे ९५९ पुढे! शून्यापासून ताशी १०० किलोमीटर, फक्त ३.७ सेकंदांत. चार चाकांचा जोर तिथे कामी येतो.

मला मात्र वेगापेक्षा एका दांड्याचं कौतुक जास्त आहे. तो दांडा तुम्हाला इथे, सोलापुरातच बघता येईल.

इंजिनाला हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला छोटी छोटी दारं असतात. त्यांना म्हणतात व्हॉल्व्ह. ही दारं अचूक वेळी उघडायला हवीत. ते काम करतो 'कॅमशाफ्ट'. एक गोल दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरतो, उंचवटा खाली येतो, दार दाबून उघडतो. पुढे सरकतो, दार मिटतं. एफ-४०मध्ये असे चार कॅमशाफ्ट आणि ३२ दारं. ९५९मध्येही चारच कॅमशाफ्ट, दारं २४. एफ-४०चं इंजिन पूर्ण जोरात असताना तिची सगळी दारं मिळून सेकंदाला अठराशेहून जास्त वेळा उघडतात! एकही चुकत नाही!

गेल्या महिन्यात मी पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात गेले होते. खटखट-खटखट, कान किटून गेले! मालकांनी माझ्यासाठी एक माग थांबवला आणि खाली वाकून बघायला सांगितलं. तेलाने माखलेला एक दांडा होता. त्यावर तसेच उंचवटे! ते फिरले की ताण्याचे निम्मे धागे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात, आणि मधल्या फटीतून धोटा सुसाट पळतो. मी बोट लावून बघितलं. उंचवटा गुळगुळीत, थंडगार. इतकी वर्षं चादरी वापरल्या, पण हा दांडा कधी बघितला नव्हता!

आणि आता आजचं सगळ्यात मोठं 'ओळखा पाहू'. गाड्यांचे कॅमशाफ्ट बनवणारा एक मोठा कारखाना आपल्या सोलापुरात आहे. पुणे रस्त्यावर, चिंचोळीच्या एमआयडीसीत. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स! १९९२मध्ये ही कंपनी सुरू झाली. इथले कॅमशाफ्ट देशातल्या गाड्यांत बसतात आणि जहाजाने परदेशातही जातात. वितळलेलं लोखंड साच्यात ओततात. उंचवट्यांचा भाग मुद्दाम झटकन थंड करतात, म्हणजे तो जास्त टणक होतो. लोहार लालबुंद विळा पाण्यात बुडवतो आणि चुर्रर्र आवाज येतो, त्याच घराण्यातली ही युक्ती. एफ-४०चे दांडे काही सोलापूरचे नव्हेत. ती गाडी बनणं बंद झालं तेच मुळी १९९२मध्ये! पण तुमच्या काकांच्या गाडीतला दांडा चिंचोळीचा असूही शकतो.

मग या गाड्या आहेत तरी किती? फेरारीने ४०० करायचं ठरवलं होतं. पण मागणी थांबेचना! शेवटी १,३००च्या वर झाल्या. एका मोठ्या शाळेत जेवढी मुलं, तेवढ्या. ९५९ त्याहून दुर्मीळ. सुरुवातीच्या नमुना गाड्या धरूनही ३३७. म्हणजे त्या शाळेतले सहा-सात वर्ग फक्त!

दुर्मीळ गाडीची कटकटही दुर्मीळ असते. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी ९५९ घेतली, पण अमेरिकेच्या कस्टमवाल्यांनी ती अडवून ठेवली. का? तिथला नियम असा की गाडी रस्त्यावर आणण्याआधी तिच्या काही भावंडांना भिंतीवर आदळून दाखवायचं, आतला माणूस वाचतो का ते बघायला. एवढ्या मोलाच्या गाड्या कोण आदळेल? गाडी तेरा वर्षं अडकून पडली! शेवटी अशा दुर्मीळ गाड्यांसाठी वेगळा कायदा झाला, तेव्हा सुटली.

आपल्या सचिनची फेरारी आठवते का आई-बाबांना? विचारा! २००२मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली. त्याबद्दल त्याला लाल फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. किल्ली दिली कोणी? शर्यतींचा बादशहा मायकेल शूमाकरने! तीही गाडी भारतात येताना कस्टमच्या कराचा प्रश्न आला आणि देशभर चर्चा झाली. पुढे अनेक वर्षं ती मुंबईच्या रस्त्यांवर दिसायची.

आता तुम्ही विचाराल, दोघींत भारी कोणती?

चिखलात, पावसात, वाळूत, रोजच्या रस्त्यावर ९५९. त्यात मला शंकाच नाही. तिने जे जे पहिल्यांदा केलं ते आज साध्या गाड्यांतही आलंय. चाकातली हवा सांगणारा तो पिवळा दिवा तुमच्या ओळखीच्या एखाद्या गाडीतही असेल. पण कोणी म्हणालं, एकीलाच हात लावून बघता येईल, तर मी एफ-४०कडे पळेन. तिचा वेग बघायला नाही. तो पातळ लाल रंग तिरप्या उन्हात बघायला आणि त्याखालचा एकच आडवा धागा नजरेने पकडून त्याच्या मागे मागे जायला.

तुम्ही कोणती निवडाल? ठरवा आणि मला पत्राने नक्की कळवा. आणि हो, चादरीची नीट घडी घालून ठेवा. पण त्याआधी भिंगाखाली एक इंच जागेत किती उभे धागे आहेत ते मोजा, आणि तो आकडाही पत्रात लिहा!